पाड्यावरची बाई

१९४५ साली डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात झरी गावी वारल्यांची सभा भरली आणि सावकार-जमीनदारांची वेठ यापुढे करायची नाही, असं तिथं ठरलं. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्याच्या पुढे होते. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्याच वर्षाच्या अखेरीस, या रानापासून फार लांब नसलेल्या बोर्डीच्या किनाऱ्यावर त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई मोडक येऊन राहिल्या. मुंबईत दादरला त्यांनी उभं केलेलं शिशुविहार तोवर चांगलं नावारूपाला आलं होतं. ते मागे ठेवून त्यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं.

पहिल्या घटनेचा इतिहास आपल्याला गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकामुळे माहीत आहे. दुसरीची दखल इतिहासात फारशी घेतली जात नाही, कारण तिथं मोर्चा नव्हता, गोळी नव्हती. अडीच-तीन वर्षांच्या पोरांना गोळा करून त्यांची तोंडं धुणं, केस विंचरणं आणि गाणी म्हणणं एवढंच तर चाललं होतं. पण आज राज्यात लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत आणि त्यांचं मूळ त्या किनाऱ्यावर आहे. संपादकांनी या अंकासाठी ‘पहिलं पाऊल’ हा विषय कळवला तेव्हा मी घोलवडचं तिकीट काढलं, ते यासाठी.

मुलं येईनात

घोलवड स्टेशनातून बाहेर पडलं की दोन्ही बाजूंनी चिकूच्या वाड्या लागतात. बोर्डीपर्यंत सावली सुटत नाही. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, ओहोटीला पाणी खूप आत जातं, आणि शंख-शिंपल्यांचा खच वाळूवर पडून राहतो. हे शिंपले पुढे या गोष्टीत येणार आहेत.

ताराबाईंनी बोर्डीत बालवाडी काढली तेव्हा ती व्हायला हवी तशी व्यवस्थित होती. साधनं होती, वेळापत्रक होतं, बसायला जागा होती. पोरंही आली, पण ती गावातल्या बऱ्या घरांतली. ज्यांच्यासाठी त्या मुंबई सोडून आल्या होत्या ती दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यावरची पोरं येईनात. याची कारणं शोधायला लांब जायची गरज नव्हती. आई-बाप पहाटेच कामावर जात. मोठं मूल धाकट्याला कडेवर घेऊन फिरे किंवा बकऱ्यांमागे जाई. गावात जायचं तर अंगावर धड कपडा हवा. आणि ज्या गावात आपल्याला वेठीला धरतात, जिथल्या विहिरीवर उभं राहता येत नाही, त्या गावातल्या बाईंकडे लेकरू पाठवायचं कुणाच्या भरवशावर?

इथं बहुतेक संस्था काय करतात हे आपण पाहिलेलं आहे. त्या पालकांच्या अज्ञानावर एक परिच्छेद लिहितात आणि आलेल्या मुलांवर समाधान मानतात. ताराबाईंनी दुसरा मार्ग धरला. मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. शिक्षिका रोज वस्तीत जाणार, एखाद्या घरापुढचं सारवलेलं अंगण मागून घेणार, तिथंच पोरं जमवणार. आई समोरच असते, भाकरी थापता थापता बघते. धाकटं भावंड बाजूला झोपलेलं असतं. शेळीसुद्धा तिथंच बांधलेली असते. मुलाला घरातून उचलून आणायचं नाही, घरालाच शाळा लावायची. अंगणातली बालवाडी, म्हणून अंगणवाडी.

पहिला धडा पाण्याचा असे. आंघोळ, नखं, केस, डोळे. खरूज असेल तर औषध. त्यानंतर गाणं, गोष्ट, खेळ. यातली आंघोळ ही शिक्षणाची पूर्वतयारी आहे असं तिथल्या शिक्षिका मानत नव्हत्या, तेच शिक्षण आहे असं मानत होत्या. आणि मला ते पटतं. ज्याच्या अंगाला परक्या माणसाचा हात आजवर फक्त मारायला लागला, त्या पोराच्या डोक्यावरून कुणी मायेनं कोमट पाणी ओतलं, तर त्याला जगाविषयी काहीतरी नवं कळतंच.

कापडगिरणीपासून रोमच्या चाळीपर्यंत

ताराबाईंनी हे आपल्या मनाने केलं, पण त्यांच्यामागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास उभा होता आणि तो त्यांनी नीट वाचलेला होता. त्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते.

१८१६ साली स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्क इथं रॉबर्ट ओवेन या गिरणीमालकाने आपल्या कामगारांच्या चिमुरड्यांसाठी शाळा काढली. दहा वर्षांच्या आतल्या मुलाला गिरणीत घ्यायचं नाही, हा त्याचा नियम. मग त्यांनी दिवसभर करायचं काय? ओवेनने शिक्षक म्हणून जेम्स ब्यूकॅनन नावाचा एक साधा विणकर निवडला आणि मॉली यंग नावाची गिरणी-वस्तीतलीच सतरा वर्षांची मुलगी. त्यांना ताकीद अशी होती की मुलांना मारायचं नाही, धमकवायचं नाही, पुस्तकांनी छळायचं नाही. नाच, गाणी, बाहेरची झाडं-पानं-दगड हाच अभ्यास.

जर्मनीत फ्रोबेलने १८४०मध्ये ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं, लोकरीचे चेंडू, लाकडी ठोकळे अशी साधनं बनवली. प्रशियाच्या सरकारला त्यात बंडखोरीचा वास आला आणि १८५१ ते १८६० या काळात किंडरगार्टनवर बंदी होती. बंदी उठेपर्यंत फ्रोबेल राहिला नव्हता. त्याची पद्धत मात्र समुद्रापार गेली. आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते ८८ अमेरिकेत होत्या तेव्हा त्यांनी किंडरगार्टनचं शिक्षण मुद्दाम घेतलं, आणि १८८९मध्ये मुंबईत शारदासदन उघडलं तेव्हा ती दृष्टी बरोबर आणली. मराठी मुलखात बालशिक्षणाचा विचार एका विधवाश्रमाच्या दारातून आला, हे विसरण्यासारखं नाही.

मग १९०७ची ६ जानेवारी. रोमच्या सान लोरेन्झो भागात कामगारांच्या राहत्या इमारतींत दिवसभर मोकाट सुटलेली पोरं भिंती खराब करतात, म्हणून घरमालक कंपनीला काहीतरी सोय हवी होती. मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंनी ती जबाबदारी घेतली आणि ‘बालकांचं घर’ सुरू केलं. तिथंही पहिली शिक्षिका अध्यापन महाविद्यालयातून आलेली नव्हती, साधी कामकरी बाई होती. माँटेसोरींना तेच हवं होतं. शिकवायची सवय नसलेला माणूस मुलाकडे बघतो तरी, असं त्यांना आढळलं.

पुन्हा पुन्हा घडणारी गोष्ट ही की प्रत्येक वेळी हे शिक्षण गिरणीकामगाराच्या, गरीब वस्तीतल्या मुलासाठी सुरू झालं आणि एका पिढीत पैसेवाल्यांच्या घरी जाऊन बसलं. दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, लांब जिना ही माँटेसोरी साधनं सुताराकडून अचूक मापाने करून घ्यावी लागतात, त्यांना पैसे पडतात. आज शहरात ‘माँटेसोरी’ ही पाटी बघून आपण आधी फी विचारतो. त्या पाटीमागे रोमच्या मजुरांची पोरं आहेत, हे त्या पाटीवरून कुणाला कळणार?

स्वतः माँटेसोरी १९३९मध्ये मद्रासला आल्या. महायुद्धात इटली शत्रुपक्षात गेल्यावर त्यांचा मुलगा मारिओ याला इंग्रज सरकारने स्थानबद्ध केलं, तेही आपल्या अहमदनगरच्या छावणीत. ३१ ऑगस्ट १९४०ला, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, त्याच्या सुटकेची तार आली. युद्ध संपेपर्यंत माँटेसोरींचा मुक्काम हिंदुस्थानात राहिला आणि शेकडो शिक्षक त्यांच्याकडून शिकून गेले.

भावनगरचा वकील, अमरावतीची सून

ताराबाईंना माँटेसोरी पद्धत भेटली होती ती त्याच्या कितीतरी आधी, गुजरातीतून. गिजुभाई बधेका हे वकिली करणारे गृहस्थ. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या शोधात माँटेसोरींची पुस्तकं त्यांच्या हाती आली. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२०मध्ये बालमंदिर काढलं. मुलं त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, मिशीवाली आई. माँटेसोरींच्या साधनांच्या जोडीला त्यांनी लोककथा, गाणी, नाटक, माती, बाग हे सगळं आणलं.

ताराबाई मुंबईच्या, माहेरच्या केळकर. १९१४च्या पदवीधर. लग्न होऊन अमरावतीला गेल्या. तो संसार टिकला नाही. राजकोटला मुलींच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. त्या काळी एका घटस्फोटित बाईला असं मानाचं, पगाराचं पद मिळणं केवढी गोष्ट! ते सोडून त्या १९२३मध्ये गिजुभाईंकडे गेल्या. १९२६ला दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ काढला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत गिजुभाई बघत, मराठीत ताराबाई. तिच्यातून मराठी आईबापांना पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं की पोराला धाकात ठेवणं म्हणजे वळण लावणं नव्हे.

गिजुभाई १९३९मध्ये गेले. दादरच्या शिशुविहारात ताराबाईंचं सगळं सुरळीत होतं. पण तिथं येणारी मुलं मध्यमवर्गीय होती. खेड्यातल्या मुलाचं काय, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता. गांधीजीही तेव्हा नयी तालीम सात वर्षांच्या आधीपासून, पूर्व-बुनियादीपासून सुरू व्हावी म्हणत होते. कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात ताराबाईंना अनुताई वाघ भेटल्या. वय पस्तीस. तेराव्या वर्षी लग्न झालेलं, काही महिन्यांतच वैधव्य आलेलं. पुण्यात शिक्षिकेची नोकरी चालू होती. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीला आल्या आणि पुढची सत्तेचाळीस वर्षं, मृत्यूपर्यंत, या भागातून हलल्या नाहीत.

टेकडीवर

बोर्डीच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. बहुतेक वारली किनाऱ्यावर राहत नाहीत, आत डोंगराला राहतात. म्हणून १९५७मध्ये दोघीजणी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या.

टेकडी फार उंच नाही, पण वर पोचल्यावर एका बाजूला समुद्राची रेघ आणि दुसऱ्या बाजूला पाडे दिसतात. आज वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. तेव्हा चालत जावं लागे आणि पाड्यांवरही चालतच. या वाटेने रोज जाणारी शिक्षिका डोळ्यांपुढे आणली तरच इथल्या प्रयोगांचा अर्थ लागतो.

त्यातला मला सर्वात थोर वाटतो तो कुरणशाळेचा. सहा-आठ वर्षांचं वारली पोर दिवसभर गुरांमागे असतं. त्याला गुरं सोडून शाळेत ये म्हणणं म्हणजे घरची भाकरी सोड म्हणणं. मग शिक्षकच कुरणात गेला. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली जमलीत. मोजायला गुरं, खडे, पानं. वाचायला जमिनीवर काठीने काढलेली अक्षरं. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली की वर्ग थांबायचा, पोरगं धावून तिला वळवून आणायचं आणि पुन्हा बसायचं. पोराचं काम हा शिक्षणातला अडथळा न मानता त्याच्याभोवती वेळापत्रक आखलं गेलं. जोडीला रात्रशाळा होतीच.

दुसरा विकासवाडीचा. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कारण साधं होतं: मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर भाऊ आहे. भावाला पाळण्यात ठेवा, मधल्याला बालवाडीत बसवा, म्हणजे मोठी मोकळी होते. शिवाय बालवाडीतलं मूल पहिलीत जाताना बिचकत नाही. तेच आवार, त्याच बाई. तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा एक सलग टप्पा धरावा, असं २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरण सांगतं. कोसबाडला ते साठ वर्षं आधी चालू होतं.

आणि साधनं. इथं ते शिंपले येतात. लहान-मोठा क्रम लावायला शिंपले, स्पर्शासाठी खरबरीत आणि गुळगुळीत दगड, आवाजासाठी बिया भरलेल्या डब्या, रंगासाठी बांगड्यांचे तुकडे आणि फुलं, वासासाठी रानातला पाला. माँटेसोरीचं इंद्रियशिक्षण शाबूत राहिलं, सुताराचं बिल गेलं. स्वस्त पर्याय म्हणून या बदलाकडे बघणं चूक ठरेल. ज्या वारली पोराला पन्नास झाडं पानांवरून ओळखता येतात, त्याच्या हाती पानंच देण्यात त्याच्या ज्ञानाचा मान आहे.

पाड्यावर शिकवायला पाड्यावरची बाई तयार करायची, हे कोसबाडच्या प्रशिक्षणाचं सूत्र होतं. कमी शिकलेली असेल, चालेल. तिला मुलाची भाषा येते आणि कोण कुणाचं पोर हे ठाऊक आहे. न्यू लॅनार्कचा विणकर, रोमची कामकरी बाई आणि कोसबाडची सेविका या तिघांत मला एकच विचार दिसतो. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७३मध्ये त्यांचं निधन झालं. अनुताई १९९२पर्यंत होत्या.

चिंचोक्यांचे तीन ढीग

२ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्राला नाव दिलं अंगणवाडी. सहा कामं ठरली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, मातांना आरोग्य-आहाराचं शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण.

हे सगळं एका खोलीत कसं चालतं ते बघायला मी टेकडीखालच्या भागातल्या एका पाड्यावर गेले. पाड्याचं आणि बाईंचं नाव लिहीत नाही. खोली पक्की, पत्र्याची. बाहेर चपलांची रांग, आत भिंतीवर फळांची चित्रं, कोपऱ्यात वजनकाटा. मदतनीसबाई मागच्या बाजूला खिचडी ढवळत होत्या. सेविका स्वतः वारली, याच पाड्याची सून.

तिनं एका ताटात चिंचोके ओतले आणि चार वर्षांच्या एका मुलीपुढे ठेवले. “लहान एकीकडे, मोठे एकीकडे.” मुलीने काही वेळ ऐकलं, मग आपल्या मनाने वाटायला लागली. तीन ढीग झाले. मला वाटलं चुकली. सेविका तिच्यापुढे उकिडवी बसली, एकेका ढिगातला चिंचोका उचलून बघितला. “हे का गं वेगळे?” मुलीने तिसऱ्या ढिगातला एक उचलून तिच्या डोळ्यांजवळ धरला. त्याला बारीक भोक होतं. किडके तिने बाजूला काढले होते. “हां,” सेविका म्हणाली, “ते भाजायला नाही चालत.” आणि तिने मुलीला ढीग तसेच ठेवू दिले. मापाचा खेळ दुसऱ्या दिवसावर गेला. मुलगी दुप्पट हुशार वर्गीकरण करतेय हे ओळखायला या बाईला कोणतं पुस्तक लागलं नाही, पण थांबून बघायला वेळ लागला. अंगणवाडीत आज त्याचाच तुटवडा आहे.

कारण तेवढ्यात मोबाइल वाजला. वजन-उंचीच्या नोंदी ॲपवर भरायच्या राहिल्या होत्या. मग एक गरोदर बाई आली. मग अंड्यांचा हिशोब. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून मुलांना अंडी-केळी मिळतात, त्याच्या सह्या. खिचडी झाली, पोरं जेवायला बसली आणि वर्ग संपला. गाणं आणि चिंचोके मिळून शिकवणं झालं ते अर्ध्या तासाच्या आत.

“शिकवायला मला आवडतं हो ताई,” ती म्हणाली. “पण वरून फोन येतो तो वजनं भरली का म्हणून. पोरांना काय आलं, असं कुणी आजवर नाही विचारलं.”

वजनं भरू नयेत असं ती म्हणत नव्हती, मीही म्हणणार नाही. या भागाने कुपोषणाने गेलेली मुलं पाहिली आहेत. तिथं वजनकाटा हे जीव वाचवणारं यंत्र आहे. दिवाळी झाली की पाड्यातली बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, पोरंही जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर वजन उतरवून परततात. त्यांच्यासाठी ती खिचडी अत्यावश्यक आहे. माझं म्हणणं एवढंच की हे सहा माणसांचं काम एका बाईवर आहे आणि त्यातलं शिक्षण हे एकमेव काम असं आहे, जे न झाल्याची नोंद कुठल्याही रकान्यात होत नाही. म्हणून तेच आधी सुटतं.

तिला मिळतं ते ‘मानधन’. पगार म्हटलं तर ती कर्मचारी ठरेल. २०२१मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी सरकारने दिलेले बिघडलेले मोबाइल परत केले. २०२३च्या डिसेंबरात संप सुरू झाला तो पन्नासहून अधिक दिवस चालला. एप्रिल २०२२मध्ये गुजरातच्या सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. अंगणवाडीत पूर्वप्राथमिक शिक्षण दिलं जातं, हा त्यातला एक आधार होता. बाई शिकवते, हे न्यायालयाला दिसलं.

कलम अकरा

मूळ राज्यघटनेतलं ४५वं कलम चौदा वर्षांखालच्या सर्व मुलांना मोफत शिक्षण देण्याचा प्रयत्न करायला सांगत होतं. ‘चौदापर्यंत’ म्हणजे त्यात तीन वर्षांचं मूलही आलं. २००२च्या ८६व्या दुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, तो हवाच होता. पण त्याच दुरुस्तीने सहाच्या आतल्या मुलांना हक्कातून वगळून ‘राज्य प्रयत्नशील राहील’ या वाक्यात ठेवलं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं अकरावं कलमही तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढंच म्हणतं. करील, असं म्हणत नाही.

ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना या शब्दाने फरक पडत नाही. त्यांची मुलं अडीचव्या वर्षी नर्सरीत जातात. फरक पाड्यावर पडतो. मुलाचा हक्क नसल्यामुळे बाईचा पगार नाही, बाईचा पगार नाही म्हणून तिच्या वेळेची किंमत नाही, आणि तिच्या वेळेची किंमत नाही म्हणून शिक्षण अर्ध्या तासात उरकतं. माझ्या मते अंगणवाडीच्या दुखण्याची सुरुवात या एका कलमात आहे, आणि ते बदलायला ना वेगळं तंत्रज्ञान लागतं ना परदेशी पद्धत. प्रत्येक केंद्रात फक्त शिकवण्यासाठी आणखी एक शिक्षिका, तीही त्याच वस्तीतली, कोसबाडसारखं चांगलं प्रशिक्षण दिलेली, आणि तिला पगार. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचा हक्क कायद्यात आला की हे करणं सरकारला भाग पडेल.

तुमच्या गावात, तुमच्या वॉर्डात अंगणवाडी आहे. ती बहुधा तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर असेल आणि तुम्ही कधी आत गेला नसाल. एकदा जा, तासभर बसा आणि बाईंना विचारा की आज मुलांबरोबर बसायला किती वेळ मिळाला. त्या सांगतील तो आकडा लिहून घ्या, आणि मतं मागायला जो दारात येईल त्याच्यापुढे तो ठेवून कलम अकरामधला ‘शकेल’ कधी काढणार, ते विचारा.